मदत हवी आहे: बोटाचं शेवटचं पेर लोंबतंय, ठाण्यात हँड सर्जन सुचवा

भाच्याने कॅच घेताना सीझन बॉल अनामिकेच्या टोकावर घेतला. शेवटचं पेर खाली लोंबतंय; दुसऱ्या हाताने उचललं की सरळ, सोडलं की परत वाकडं. एक्स-रेत टेंडनबरोबर (बोट सरळ करणारी दोरी) हाडाचा टवका निघालेला दिसतोय. मॅलेट फिंगर म्हणे.

नौपाड्यातले डॉक्टर ऑपरेशन करून हाडात तार घालू म्हणतात. घोडबंदरचे म्हणतात, टवका सांध्याच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा लहान आहे, सांधा सरकलेला नाही, सहा ते आठ आठवडे स्प्लिंट (बोट सरळ धरणारी पट्टी) पुरे; मात्र धुताना-पुसतानासुद्धा टोक वाकू द्यायचं नाही. मला हेच पटतंय, पण ताई घाबरलीय.

ठाणे-ऐरोली पट्ट्यात फक्त हाताचंच काम करणारे सर्जन माहीत आहेत का? स्प्लिंटवर कुणाचं बोट सरळ झालं? घामाने कातडी सोलवटली तर काय केलंत? (तेल लावून चोळा, हे आजीने सांगून झालंय.)