मदत हवी आहे: 'फ्रेंड्स'चा डीव्हीडी संच पूर्ण करू की ब्ल्यू-रे घेऊ?

मंडळी, नमस्कार.

माझ्याकडे 'फ्रेंड्स' या अमेरिकन विनोदी मालिकेच्या दहापैकी आठ सीझनच्या डीव्हीडी आहेत. एकदम घेतलेल्या नाहीत. कुणी घर बदलताना काढून टाकल्या, कुठे जुन्या सामानात मिळाल्या, अशा जमवत गेलो. सातवा आणि नववा अजून हाती लागलेला नाही.

त्यात पाचव्या सीझनची तिसरी डिस्क अडकते. रॉस जिन्यावरून सोफा वर नेताना "पिव्हट, पिव्हट" ओरडतो तो भाग आठवतोय ना? बरोबर तिथेच. रॉसचं तोंड उघडं, सोफा तिरका, आणि चित्र थिजतं. तीन वर्षं झाली, माझ्या घरी तो सोफा जिन्यातच आहे.

आता प्रश्न असा की उरलेले दोन सीझन आणि ही एक डिस्क शोधत बसू, की सगळं बाजूला ठेवून ब्ल्यू-रेचा (डीव्हीडीपेक्षा स्पष्ट चित्र देणाऱ्या डिस्कचा) पूर्ण संच घेऊ?

"ऑनलाइन आहे की, तिथे बघ" असं कृपया सांगू नका. तिथेच तर घोळ झाला. मला पाठ असलेले दोन-तीन विनोद तिथे आलेच नाहीत. आधी वाटलं, वय झालं, आपलीच आठवण दगा देतेय. मग डीव्हीडी लावली, तर विनोद जागच्या जागी. हे काय गौडबंगाल आहे?

प्रतिसाद १

तुमची आठवण ठणठणीत आहे. टीव्हीवर एक भाग साधारण २२ मिनिटांचा असायचा, ऑनलाइनही तीच आवृत्ती असते. अमेरिकेतल्या डीव्हीडी संचांत बहुतेक भाग वाढवून दिले होते, म्हणजे प्रक्षेपणाच्या वेळी कापलेले संवाद परत जोडून. २०१२ मध्ये ब्ल्यू-रे आला तेव्हा मात्र टीव्हीवर दाखवलेली आवृत्तीच घेतली. त्यामुळे ब्ल्यू-रे घेतलात तर चित्र लख्ख मिळेल, पण ते दोन-तीन विनोद गेलेच समजा.

डीव्हीडी टाकू नका, एवढंच सांगतो.

प्रतिसाद २

वरच्यांशी सहमत, पण ब्ल्यू-रेला इतकंही कमी लेखू नका. मालिका ३५ मिमी फिल्मवर चित्रित झाली होती, म्हणून तर इतक्या वर्षांनी एचडी करता आली. डीव्हीडीचं चित्र मोठ्या पडद्यावर ताणून बघा आणि मग ब्ल्यू-रे लावा. मोनिकाच्या स्वयंपाकघरातल्या फळीवरच्या बरण्या मोजता येतात.

एक खोट आहे. मूळ चौकट ४:३ (रुंदी:उंची) होती, ब्ल्यू-रेवर ती रुंद, १६:९ केली. कडेचा जो भाग कधी दिसायचाच नव्हता, तो आता दिसतो. काही ठिकाणी मुख्य नटाच्या जागी उभा केलेला बदली माणूस चक्क चौकटीत येतो. मला हे शोधायला मजा येते, बायको म्हणते याने विनोदाचा विचका होतो. दोघांचंही बरोबर आहे.

प्रतिसाद ३

संचाचं नंतर बघू, आधी ती डिस्क. दर वेळी त्याच क्षणी अडकते का? दुसऱ्या प्लेअरवर लावून पाहिली का? आणि हा भाग त्या डिस्कवर कितवा आहे?

धागाकर्ता

दर वेळी तिथेच, अगदी एका सेकंदाचाही फरक नाही. लॅपटॉपवरही तेच. डिस्कवर सहा भाग आहेत, त्यातला हा चौथा.

प्रतिसाद ३ (पुन्हा)

मग माझा संशय थरबदलावर आहे. या डिस्कवर सहसा दोन थर असतात, मिळून साडेआठ जीबी. लेझर पहिला थर आतून बाहेर वाचत जातो, बाहेरच्या कडेपाशी पोचला की दुसऱ्या थरावर नजर बसवतो आणि बाहेरून आत परत येतो. म्हणजे डिस्कवरचा मधला मजकूर प्रत्यक्षात बाहेरच्या बाजूला असतो. आणि आपण डिस्क धरतो कुठे? कडेला! बोटांचे ठसे तिथेच उमटतात.

उजेडात तिरकी धरून कड बघा. चष्म्याचं मऊ फडकं किंचित ओलं करा आणि मधून बाहेर सरळ पुसा. गोल गोल अजिबात पुसू नका. गोल ओरखडा मजकुराच्या रेघेला समांतर जातो आणि सलग बराच डेटा खातो, तो प्लेअरला सावरता येत नाही. आडवा ओरखडा तो सहज सांभाळून घेतो. टूथपेस्टचे उपाय सांगणारे येतील, त्यांना नमस्कार करा.

प्रतिसाद ४

सातवा आणि नववा घेताना नकली मालापासून जपा. डिस्क उलटी करून बघा. कारखान्यात छापलेली चंदेरी असते. जांभळट झाक दिसली तर कुणीतरी घरी बर्न केलेली आहे. मधल्या भोकाभोवतीच्या पारदर्शक कड्यावर बारीक अक्षरांत 'आयएफपीआय'ने (IFPI) सुरू होणारा, डिस्क कुठे बनली ते सांगणारा क्रमांक आहे का तेही बघा. आणि विभाग तपासा, म्हणजे डिस्क जगाच्या कुठल्या भागातल्या प्लेअरसाठी आहे तो क्रमांक: १ म्हणजे अमेरिका-कॅनडा, २ मध्ये युरोप आणि जपान येतात. वाढीव भाग हवे असतील तर वेष्टनावर लिहिलेली मिनिटं वाचा.

धागाकर्ता

विभागाची आठवण नका काढू. माझे सहा सीझन विभाग १ चे आणि दोन विभाग २ चे आहेत. लॅपटॉपच्या ड्राइव्हला विभाग फक्त पाच वेळा बदलता येतो, हे मला चौथ्यांदा बदलल्यावर कळलं! आता तो कायमचा १ वर ठेवलाय. उरलेले दोन सीझन त्याच विभागाचे शोधेन.

बाकी खबर अशी. काल रात्री डिस्क दिव्याखाली धरली. कडेला अंगठ्याचा मस्तपैकी तेलकट ठसा, बहुधा माझाच. सांगितलं तसं पुसलं. पहिल्यांदा परत अडकली. दुसऱ्यांदा पुसल्यावर चित्र अर्धा सेकंद थबकलं आणि सोफा हलला. मी एकटाच टाळ्या वाजवत बसलो होतो.

ब्ल्यू-रे नंतर कधीतरी. सातवा किंवा नववा कुणाकडे जास्तीचा पडून असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.