वॉर्डातलं ज्येष्ठ केंद्र : महिन्याला १५,००० रुपयांत काय ठेवावं, काय सोडावं?

सुदामानगर_केंद्र

नमस्कार मंडळी. इंदूरच्या पश्चिम भागात, नगर निगमाच्या (महापालिकेच्या) सामुदायिक भवनातली एक खोली ज्येष्ठांच्या केंद्रासाठी मिळाली आहे. वीज, पाणी, सफाई निगमाकडे. बाकी सगळ्या खर्चाला वर्गणी धरून महिन्याला १५,००० रुपये, त्यापलीकडे काही नाही. सभासद ६२, नियमित येतील असे २८. निम्म्याहून जास्त बायका, त्यातल्या अकरा जणी एकट्या राहणाऱ्या.

यादी अशी आहे: आठवड्याचे सहाही दिवस केंद्र, रोज चहा-नाश्ता, बीपी-शुगर तपासणी, आठवड्यातून दोनदा फिजिओथेरपिस्ट, वर्तमानपत्रं, पेन्शनच्या कागदांना मदत, टीव्ही. सगळं बसत नाही हे उघड आहे. खोलीला तीन पायऱ्या आहेत, शौचालय देशी पद्धतीचं. आधी कशाला हात घालावा?

जमाखर्च

आधी नाश्ता काढा. २८ माणसं, २६ दिवस, म्हणजे ७२८ प्लेटा. पोह्यांची प्लेट १५ रुपयांत बसवली तरी १०,९२० रुपये तिथेच संपले, आणि बहुतेक मंडळी घरून खाऊनच येतात.

दुसरं, दिवस कमी करा. सोमवार, बुधवार, शुक्रवार, महिन्याचे १३ दिवस, रोज चार तास. पण ते तीन दिवस कुठल्याही कारणाने बंद ठेवायचे नाहीत. दोनदा कुलूप दिसलं की ऐंशीच्या आजी तिसऱ्यांदा येत नाहीत. त्यांना घरून निघायलाच अर्धा तास लागतो.

माझा हिशोब:
मदतनीस, ५२ तास : ८,०००
चहा, १३ × २८ × ५ रुपये : १,८२०
साखर तपासायच्या पट्ट्या, सुया, कापूस, बॅटरी : १,७००
प्रिंट, झेरॉक्स, नेट : ८००
दोन वर्तमानपत्रं : ५००
एकूण १२,८२०. उरलेले २,१८० शिलकीत ठेवा. पावसाळ्यात रिक्षा, फुटलेली खुर्ची, असले खर्च त्यातून निघतील.

मदतनीस फुकट स्वयंसेवकावर भागवू नका. स्वयंसेवक लग्नसराईत आणि दिवाळीत हमखास नसतो, आणि नोव्हेंबरातच हयातीच्या दाखल्यांची गर्दी असते.

रॅम्प, शौचालय, कठडे या एकरकमी कामांची यादी वेगळी करा आणि या १५,००० ला लावू नका. ती वॉर्डाच्या विकासकामांत मागता येतात; पगार आणि चहा मागता येत नाही. पार्षदांकडे (नगरसेवकांकडे) अर्ज मोजमापांसकट डिसेंबरातच द्या. मार्चमध्ये दिलेला अर्ज पुढच्या वर्षाच्या फायलीत जातो.

मिस्त्रीकाम

मोजमापं देतो, अर्जात तशीच घाला, कारण नुसतं ‘रॅम्प करून द्यावा’ लिहिलं की ठेकेदार पायऱ्यांवर सिमेंटचा उतार ओतून मोकळा होतो.

तीन पायऱ्या म्हणजे साधारण ४५ सेंमी उंची. उतार १:१२, म्हणजे लांबी ५.४ मीटर. एवढी सरळ जागा नसेल तर काटकोनात वळवा आणि वळणावर दीड मीटर बाय दीड मीटर सपाट जागा सोडा, नाहीतर व्हीलचेअर वळत नाही. रुंदी १.२ मीटर. कठडा दोन्ही बाजूंना, ७६ आणि ९० सेंमी अशा दोन उंचींवर, आणि दोन्ही टोकांना ३० सेंमी पुढे काढलेला. लोक पडतात ते उतार संपतो तिथे, आणि नेमका तिथेच पाइप संपलेला असतो. पृष्ठभाग झाडूने रेघा ओढलेल्या काँक्रीटचा. पॉलिश केलेला कोटा किंवा टाइल नको, पहिल्या पावसात घसरेल. पायऱ्या पाडू नका. गुडघे दुखणाऱ्या बऱ्याच जणांना लांब उतारापेक्षा कठडा धरून चढलेल्या तीन पायऱ्या सोप्या जातात.

शौचालयात कमोडची बैठक ४५ ते ४८ सेंमी उंच. आधाराची दांडी भिंतीपासून चार-पाच सेंमी सुटी. त्याहून जास्त अंतर ठेवलं तर हात आत अडकतो. साडेचार इंची भिंतीत प्लास्टिकचा गुल्ला ठोकून दांडी बसवू नका. माणूस तोल गेल्यावर पूर्ण वजन टाकतो आणि दांडी गिलाव्यासकट हातात येते. आरपार बोल्ट, मागच्या बाजूला लोखंडी पट्टी. दार बाहेर उघडणारं आणि कडी बाहेरूनही उघडता येईल अशी. आत पडलेला माणूस दाराला टेकला तर आत उघडणारं दार उघडतच नाही. सगळ्या कामात हे सगळ्यात स्वस्त आहे आणि सगळ्यात जास्त विसरलं जातं.

खुर्च्या हातांच्याच घ्या. बिनहाताच्या प्लास्टिक खुर्चीवरून उठताना ती मागे सरकते.

परिचारिका_लष्कर

ग्वाल्हेरहून लिहिते आहे. बीपी-शुगर ठेवा, पण रोज सगळ्यांची नको. बीपी प्रत्येकाचं महिन्यातून दोनदा, साखर फक्त मधुमेह असलेल्यांची महिन्यातून एकदा. १,७०० रुपयांत तेवढंच बसतं आणि उपयोगही तेवढ्याचाच आहे.

यंत्र दंडाचं घ्या, मनगटाचं नको. पट्टे दोन मापांचे हवेत: दंडाचा घेर ३२ सेंमीपर्यंत मध्यम, त्यावर मोठा. जाड दंडाला लहान पट्टा बांधला की बीपी खोटं जास्त येतं आणि घाबरून गोळी वाढवली जाते. आल्यावर पाच मिनिटं बसू द्या, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात हृदयाच्या पातळीला टेबलावर. बोलणं बंद. अर्ध्या तासात चहा किंवा तंबाखू झाली असेल तर थांबा, म्हणजे चहा तपासणीनंतर. एक मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा. नाडी अनियमित असेल तर डिजिटल यंत्रावर विसंबू नका, डॉक्टरांकडे पाठवा.

उभं करून पुन्हा एकदा मोजा, एक मिनिटाने आणि तीन मिनिटांनी. वरचा आकडा २० किंवा जास्त उतरला तर ते नोंदवा आणि चिठ्ठी देऊन डॉक्टरांकडे पाठवा. रात्री उठून पडणाऱ्यांपैकी बरेच यात सापडतात, आणि याला एक रुपयाही लागत नाही. वरचा आकडा १८० च्या किंवा खालचा १२० च्या पुढे असेल आणि सोबत छातीत दुखणं, बोलण्यात अडखळणं, एक हात लुळा पडणं असेल तर रुग्णवाहिकेसाठी १०८ ला फोन करा, दुसऱ्या मोजणीची वाट पाहू नका.

साखर तपासताना आधी साबणाने हात धुवा. बोटाला जिलबीचा पाक असेल तर आकडा भलताच वर जातो. पट्ट्यांच्या बाटलीवर उघडल्याची तारीख लिहा. उघडल्यावर किती दिवस चालते ते बाटलीवरच असतं. मे महिन्यात बाटली पत्र्याच्या कपाटात ठेवू नका. सुई माणसागणिक नवी. टोचायचं पेन एकातून दुसऱ्याकडे नको, त्यातून कावीळ-बी पसरू शकते. वापरलेल्या सुया टणक, न फुटणाऱ्या पांढऱ्या डब्यात टाका. निगमाच्या रोजच्या गाडीत त्या जाता कामा नयेत; जवळच्या आरोग्य केंद्राशी आधीच बोलून ठेवा.

एकादशी, चतुर्थीला मधुमेहाच्या गोळ्या घेऊन उपाशी आलेल्या बायकांवर लक्ष असू द्या. आकडा ७० च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यात, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा. साबुदाण्याची वाट पाहायची नाही.

सुदामानगर_केंद्र

तिघांचेही आभार. दाराचं लगेच बघतो. फिजिओथेरपिस्टचं काय करावं? आणि कागदांच्या मदतीत नक्की काय काय येतं? सध्या अंगठा न लागल्यामुळे चौघींची पेन्शन थांबली आहे.

परिचारिका_लष्कर

फिजिओथेरपिस्ट महिन्यातून एकदा, तोही माणसं तपासून मदतनिसाला शिकवायला. त्याचे पैसे शिलकीतून द्या. रोजचे तीन व्यायाम पुरे: हात न टेकता खुर्चीवरून दहा वेळा उठणं, खुर्चीची पाठ धरून टाचा उचलणं, एका पावलापुढे दुसरं पाऊल ठेवून दहा सेकंद उभं राहणं. चक्कर येणारे आणि नुकतंच ऑपरेशन झालेले नुसते बसून करतील. आणि काठ्या बघा. मूठ मनगटाच्या घडीशी यायला हवी. खालचं रबर झिजलं असेल तर ते आजच बदला.

लोकसेवा_खिडकी

कागदांवरच सगळ्यात जास्त वेळ द्या. मदतनिसाच्या ५२ तासांतले निदान २० तास.

अंगठा न लागणं: म्हातारपणी बोटांच्या रेषा झिजतात. कोमट पाण्याने हात धुऊन, कोरडे करून दुसरी बोटं लावून बघा. तरी नाही झालं तर डोळ्याच्या बुबुळाने किंवा चेहऱ्याने पडताळणी करा. चेहऱ्याच्या वेळी खिडकीकडे तोंड, चष्मा काढलेला, पापण्या मिटून उघडायच्या. आधारला मोबाइल जोडलेला नसेल तर तो आधी जोडून घ्या, पुढची निम्मी कामं त्यावर अडतात.

समग्र (मध्य प्रदेश सरकारची कुटुंबनोंदणी): सामाजिक सुरक्षा पेन्शनचे ६०० रुपये समग्र आयडीवर चालतात. कुटुंबाचा आयडी आठ अंकी, माणसाचा नऊ अंकी; अर्जात लोक पहिलाच लिहून मोकळे होतात. ई-केवायसीत नावं जुळत नाहीत, आणि आपल्या बायकांची तर हटकून. लग्नात बदललेलं नाव आधारवर, माहेरचं नाव जुन्या पासबुकावर, समग्रवर मधलं नाव गाळलेलं. प्रत्येकीच्या तिन्ही कागदांवरची नावं वहीत शेजारी शेजारी लिहा. मग आधारवरचं नाव बरोबर आहे ना ते ठरवा आणि बाकीचे कागद त्याप्रमाणे करा. उलट दिशेने गेलात तर पुन्हा सगळं फिरावं लागतं.

पेन्शन ‘जमा’ दाखवते पण खात्यात नाही: आधारवरून येणारे पैसे आधारला शेवटी जोडलेल्या खात्यात जातात. मुलाने मध्ये दुसरं खातं उघडून दिलं असेल तर तिथे बघा.

हयातीचा दाखला: जीवन प्रमाणचा (ऑनलाइन दाखल्याचा) आयडी आला म्हणजे काम झालं असं समजू नका. पीपीओ (पेन्शनच्या आदेशाचा) क्रमांक किंवा पेन्शन देणारी संस्था चुकीची निवडली असेल तर पुढे तो नाकारला जातो, म्हणून आठवड्याने स्थिती तपासा. केंद्र सरकारच्या पेन्शनरांना नोव्हेंबर, ऐंशीच्या वरच्यांना १ ऑक्टोबरपासून. ईपीएस-९५ (पीएफची पेन्शन) वाल्यांचा दाखला दिल्या तारखेपासून वर्षभर चालतो. त्यांना नोव्हेंबरच्या गर्दीत बोलावू नका.

वय वंदना कार्ड (ज्येष्ठांचं आयुष्मान कार्ड): आधारवर ७० पूर्ण असेल तर उत्पन्नाची अट नाही, वर्षाला ५ लाखांपर्यंत. पण ते भरती झाल्यावरच्या उपचारांसाठी आहे, ओपीडी आणि रोजच्या गोळ्या त्यात नाहीत. हे कार्ड काढतानाच सांगा, नाहीतर माणूस कार्ड घेऊन औषधाच्या दुकानात जाऊन उभा राहतो. सीजीएचएस (केंद्रीय कर्मचाऱ्यांची आरोग्य योजना) किंवा ईसीएचएस (माजी सैनिकांची) असलेल्यांना दोन्हींतलं एक निवडावं लागतं.

आणि ओटीपी मदतनिसानेही विचारायचा नाही. सभासदाने स्वतः वाचून टाकायचा, डोळे अधू असतील तर घरच्या माणसासमोर. पासबुकं, आधारच्या झेरॉक्स केंद्रात ठेवू नका. वहीत आधारचे शेवटचे चारच अंक.

रामबाग_वाचक

जमाखर्च यांच्या हिशोबात एक भर. हजेरीची वही रोज केंद्र बंद करताना वाचा. सलग दोनदा न आलेल्यांना त्याच दिवशी फोन, आणि त्या एकट्या राहणाऱ्या अकरा जणींना एकदा न आल्या तरी. फोन उचलला नाही तर शेजारच्यांचा नंबर, म्हणून नोंदणी अर्जातच शेजारी आणि एक नातेवाईक असे दोन नंबर घ्या. घरात त्रास होत असल्याचं कळलं तर १४५६७, ही ज्येष्ठांची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे, सकाळी ८ ते रात्री ८. पोटगीचा अर्ज २००७ च्या कायद्याखाली एसडीएमकडच्या (उपविभागीय अधिकाऱ्याकडच्या) अधिकरणात जातो, त्याला वकील लागत नाही.

टीव्ही घेऊ नका. त्या पैशांत हातांच्या खुर्च्या येतील.

सुदामानगर_केंद्र

टीव्ही आणि नाश्ता यादीतून काढला. सोमवारपासून नावांची वही सुरू करतो, आधी त्या चौघींची.