हरला की सोंगट्या उधळतो, पुस्तकं / खेळ सुचवा ना

सायलीफूल
नमस्कार मंडळी, बरेच दिवस वाचनमात्र होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय, चुकलं तर सांभाळून घ्या. मुलगा सहा वर्षांचा, पहिलीत, इंग्लिश मीडियम, पण घरी आम्ही मराठीच बोलतो. प्रॉब्लेम असा की त्याला हरणं अजिबात सहन होत नाही. परवा सापशिडीत ९८ वर आला आणि सापाने गिळलं, झालं, सगळ्या सोंगट्या उधळल्या (एक अजून फ्रीजखाली आहे) आणि पलंगाखाली जाऊन बसला तो पाऊण तास. काय झालं विचारलं की एकच उत्तर, आय ॲम अँग्री. मी ऑनलाइन भावनांचा चार्ट मागवला, सहा चेहरे, खाली हॅपी सॅड अँग्री वगैरे, तर दरवेळी अँग्रीवरच बोट ठेवतो. नवरा म्हणतो मोठा झाला की होईल नीट, सासूबाई म्हणतात लाडावलाय. पुस्तकं, ॲक्टिव्हिटी काही सुचवाल का, शक्यतो मराठी? आणि वर्कशीट नकोत प्लीज, शाळेतून येतात तेवढी पुरे.

जुनी_बालवाडी
अगं तो चार्ट आधी काढून ठेव. २२ वर्षं बालवाडी घेतली मी, सहा चेहऱ्यांत मावेल असं पोर अजून बघितलं नाही. आपल्याकडे शब्द किती आहेत बघ ना, रुसणं वेगळं, फुरंगटून बसणं वेगळं, हिरमुसणं, खट्टू होणं, धुसफुसणं, ओशाळणं. तुझा लेक पलंगाखाली गेला तो मला रागावलेला वाटत नाही, ओशाळला असेल, सोंगट्या उधळल्यावर सगळे त्याच्याकडेच बघत होते ना? रागावलेलं पोर समोर उभं राहून ओरडतं, ओशाळलेलं लपतं. आता तो शब्दच त्याच्याकडे नाही तर बोट ठेवणार कुठे बिचारा. पण लगेच "तू ओशाळलास का रे" असं विचारायला जाऊ नकोस हां, अजून आत सरकेल. हे शब्द आधी दुसऱ्या कोणाबद्दल बोलताना त्याच्या कानावर पडू देत, मांजर हिरमुसलं, बाबा धुसफुसतोय, असं सहज.
आमच्याकडे एक मोज्याची बाहुली होती, जुना मोजा आणि दोन बटणं, नाव रडूबाई. मुलं मला सांगायची नाहीत ते तिला सांगायची. एक मुलगी महिनाभर कोणाशी चकार शब्द बोलली नव्हती, आम्ही काय काय तर्क केले होते, शेवटी तिने रडूबाईच्या कानात सांगितलं की डब्यातली भाजी आवडत नाही.
पुस्तकांत माधुरी पुरंदरेंची डोळे मिटून घे. राधाचं घर आणि यशची पुस्तकं दोन्ही. साध्या घरातल्या गोष्टी, चित्रंही त्यांचीच, आणि शेवटी उपदेश नाही. पुढे त्यांचंच "वाचू आनंदे" आहेच, त्यातला बालगट बघ.

मेलबर्नकर
+१ पुरंदरेंना. आमच्याकडे मराठी पुस्तकं मिळायचे वांधे, म्हणून दोन फुकट सोयी सांगतो. प्रथम बुक्सची स्टोरीवीव्हर वेबसाइट, २०१५ पासून चालू आहे, मराठी गोष्टी भरपूर आणि चार पातळ्या केलेल्या आहेत, तुमच्या मुलाला पहिली दुसरी पातळी चालेल. दुसरं म्हणजे बालभारतीचं किशोर मासिक, १९७१ पासूनचे जुने अंक ऑनलाइन ठेवलेत, ते जरा मोठ्या मुलांचं आहे पण तुम्ही वाचून दाखवा. आमच्या घरी रविवारी आजी व्हिडिओ कॉलवर वाचते आणि मुद्दाम चुकते, वाघाने पेरू खाल्ला म्हणते, मग लेक जोरात ओरडून दुरुस्त करते. आजी चुकली की काय होतं, तर काहीच होत नाही, आजी हसते आणि पुढे वाचते. हे तिला कोणी शिकवलं नाही, पण हल्ली स्वतःचं चुकलं तरी पूर्वीसारखी पेन्सिल फेकत नाही.

तिरकस
एक विनंती, गोष्ट संपल्यावर "मग काय शिकलास?" विचारू नका. आम्हाला लहानपणी प्रत्येक गोष्टीनंतर तात्पर्य पाजलं, त्यामुळे अजूनही गोष्ट संपत आली की पोटात गोळा येतो 😄
सापशिडीत अक्कल लागतच नाही, फासा पडेल तसं. तेव्हा एकदा उलटी खेळा, १०० वरून निघायचं आणि १ ला पोचायचं. साप मिळाला की सुटलात, शिडी आली की बोंबला. सापाला तो इतका घाबरतोय ना, आता त्याचीच वाट बघेल.
आणि तुम्ही दोघं हरल्यावर काय करता? मॅच हरली की रिमोट कोण आपटतं त्या घरात? तो बघतोय सगळं.
तुमच्यासाठी पुस्तक: तोत्तोचान, एका जपानी पोरीच्या शाळेची गोष्ट, नॅशनल बुक ट्रस्टने मराठीत काढलंय. पहिल्याच भेटीत हेडमास्तर त्या पोरीचं बोलणं चार तास ऐकतात. आपण चार मिनिटं ऐकत नाही.

कोथिंबीरवडी
वर सगळं आलंच आहे, माझं एवढंच की चिडला की हातात कणकेचा गोळा द्या. बोलायला लावू नका, नुसता मळू दे. आमच्याकडे अशा पोळ्या अंमळ कडक होतात पण पोरगं मऊ होतं. शिवाय मटकी भिजवून मोड आणायचं काम त्याच्याकडे द्या, घाई केली तर काही होत नाही हे मटकी आपल्यापेक्षा नीट सांगते.

सायलीफूल
दहा दिवसांनी येतेय, सगळ्यांना थँक्यू. उलटी सापशिडी हिट आहे, सासूबाईपण खेळतात. काल शेवटच्या ओळीत त्याला शिडी लागली, वर गेला, मी मनात म्हटलं आता उडाल्या सोंगट्या. तो उठला, म्हणाला "मी फुरंगटलोय, कोणी माझ्या मागे यायचं नाही" आणि पलंगाखाली गेला. मी घड्याळ बघितलं, सहा मिनिटं. परत आला आणि विचारलं, कोणाचा डाव आहे? जुनी_बालवाडी ताई, मला खरंच रडू आलं हो. रडूबाईपण बनवलीय, फक्त मोजा त्याने बाबाचा नवाकोरा घेतला, त्यामुळे सध्या घरात दुसरंच कोणीतरी धुसफुसतंय. सोंगटी अजून फ्रीजखालीच आहे, तिच्या जागी चिंचोका चालू आहे.