चर्चचा व्हॉट्सॲप ग्रुप आणि मिस्साचं थेट प्रक्षेपण: सुरुवात कुठून करावी?

वेंगुर्ले_सचिव:
आमच्या धर्मग्रामात (एका चर्चखालच्या वस्तीत) सव्वादोनशे कुटुंबं. व्हॉट्सॲप ग्रुप बदली होऊन गेलेल्या फादरांच्या नंबरावरून काढलेला आहे. शुभ सकाळ आणि फॉरवर्डच्या ढिगात नोव्हेनाची (नऊ दिवसांच्या प्रार्थनेची) वेळ सापडत नाही. अंथरुणाला खिळलेल्यांसाठी आणि आखातात असलेल्यांसाठी रविवारची मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) यूट्यूबवर दाखवायची आहे. हाताशी एक मोबाइल आणि चर्चचा मिक्सर. नव्या फादरांपुढे काय योजना ठेवावी?

खाडीपलीकडे:
आधी खातं कुणाच्या नावावर ते ठरवा. धर्मगुरूंची बदली होतच असते. ग्रुप आणि चॅनेल त्यांच्या खाजगी नंबरावर असले की दरवेळी सगळं नव्यानं उभं करावं लागतं. चर्च ऑफिसचं वेगळं सिम घ्या, त्याच नंबरावर व्हॉट्सॲप आणि जीमेल उघडा, टू-स्टेप पिन लावा आणि तो बंद लिफाफ्यात ऑफिसच्या कपाटात ठेवा. ते सिम वेळच्या वेळी रिचार्ज करा. बंद पडलेला नंबर कंपनी पुढे दुसऱ्याला देते.
सूचनांच्या ग्रुपात ‘फक्त ॲडमिन’ मेसेज पाठवू शकतील अशी सेटिंग ठेवा. ॲडमिन तीन: फादर, सचिव, एखादी सिस्टर. गप्पांसाठी हवा तर दुसरा ग्रुप. मयतीची सूचना घरच्यांशी बोलल्याशिवाय टाकू नका. वेळ चुकली तर लांबून येणाऱ्यांची माती हुकते.

वेंगुर्ले_सचिव:
ब्रॉडकास्ट लिस्ट (एकच मेसेज अनेकांना वेगवेगळा पाठवायची यादी) चालणार नाही का?

खाडीपलीकडे:
एका लिस्टमध्ये २५६ जणच मावतात, आणि ज्यांनी चर्चचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच मेसेज पोचतो. म्हाताऱ्यांच्या फोनात तो नसतो. त्यांच्यासाठी कोकणीतून मिनिटभराचा व्हॉइस मेसेज जास्त उपयोगी.

जांभ्याची_भिंत:
प्रक्षेपणात चित्रापेक्षा आवाज महत्त्वाचा. वेदीपासून तीस फुटांवरच्या मोबाइलच्या माइकला पंखे आणि घुमणारा आवाजच मिळतो. मिक्सरच्या ‘रेक आउट’मधून (रेकॉर्डिंगसाठी आवाज बाहेर देणाऱ्या भोकातून) वायर काढून यूएसबी साउंड कार्डमार्गे मोबाइलला जोडा. ती वायर थेट हेडफोनच्या भोकात घातली तर आवाज फाटतो, कारण तिथे माइकइतकाच बारीक सिग्नल चालतो. गुणगुण आली तर बहुतेकदा चार्जर आणि ॲम्प्लिफायर एकाच बोर्डावर असतात. मोबाइल पॉवरबँकवर चालवा. गायनमंडळाला वेगळा माइक द्या, नाहीतर गाणी ऐकूच येत नाहीत.
मोबाइलवरून लाइव्ह करायला चॅनेलला ५० सबस्क्रायबर लागतात, आणि पहिल्यांदा लाइव्ह चालू व्हायला २४ तासांपर्यंत लागू शकतात. फेस्ताच्या (चर्चच्या सणाच्या) आदल्या रात्री धावपळ नको, आठवडाभर आधीच करा. ७२०पी दर्जाच्या चित्राला ४ एमबीपीएस अपलोडचा वेग धरा, म्हणजे तासाला साधारण १.८ जीबी. वेग रविवारी मिस्साच्याच वेळी मोजा. जांभ्याच्या जाड भिंतींत रेंज मरते, म्हणून हॉटस्पॉटचा फोन खिडकीत ठेवा. पावसाळ्यात वीज जाणारच. मिक्सर आणि राउटर इन्व्हर्टरवर घ्या. लाइव्हच्या फोनवर कॉल आला की प्रक्षेपण अडकतं, म्हणून त्यात फक्त डेटाचं सिम ठेवा.
रेकॉर्ड केलेले ट्रॅक लावू नका. यूट्यूब कॉपीराइटवर हरकत घेतं, कधी चालू प्रक्षेपण मधेच थांबवतं.

वेदीसेवक_मालवण:
फादरांशी एक गोष्ट आधीच बोलून घ्या. व्हॅटिकनच्या २००२ सालच्या इंटरनेटविषयक दस्तऐवजात स्पष्ट म्हटलंय की इंटरनेटवर संस्कार (ख्रिस्तप्रसाद, पापनिवेदन असे चर्चचे पवित्र विधी) होत नाहीत. म्हणजे पडद्यावरची मिस्सा आजाऱ्याला आधार देते, पण ख्रिस्तप्रसाद (मिस्सात दिली जाणारी पवित्र भाकर) घेऊन कुणीतरी त्या घरी जायलाच हवं. प्रक्षेपण बघणाऱ्या आजाऱ्यांची यादी करून ती ख्रिस्तप्रसाद नेणाऱ्यांच्या हातात द्या. पापनिवेदन फोनवर किंवा चॅटवर होत नाही, हेही ग्रुपवर लिहून ठेवा, लोक विचारतात.
कॅमेरा वेदीवर आणि वाचनाच्या जागी. ख्रिस्तप्रसादाच्या रांगेत लोकांचे चेहरे नकोत. धर्मशिक्षणाच्या मुलांचे फोटो आईवडिलांच्या लेखी परवानगीशिवाय टाकू नका, आणि मुलांशी खाजगी चॅट तर कुणीच करू नये. मेसेज पालकांच्या ग्रुपवर जावा.
‘फादर अडचणीत आहेत, पैसे पाठवा’ असे मेसेज त्यांचाच फोटो लावून फिरतात. चर्च फोनवर कधी पैसे मागत नाही, ही ओळ ग्रुपच्या माहितीत आणि चर्चच्या फळ्यावर, दोन्हीकडे लिहा. फळा पुसू नका. ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही ते तिथेच वाचतात.