मदत हवी आहे: फ्लॉपी जलद की डायल-अप मोडेम? (संध्याकाळपर्यंत)

घुमट_फोंडा
मंडळी, जुन्या काळात डेटा फ्लॉपीने जलद जायचा की मोडेमने? नेटवर फ्लॉपीचा वेग 500 दिलाय आणि मोडेमचा 56. म्हणजे फ्लॉपी नऊपट जलद, बरोबर? हो की नाही एवढंच सांगा. संध्याकाळी तालीम आहे, त्याआधी हवंय.

बिटबाइट
कुठली फ्लॉपी? साडेतीन इंची की सव्वापाच? मोडेम 14.4, 33.6 की 56? आणि ‘जायचा’ म्हणजे कुठून कुठे?

जुनाखिळा
फ्लॉप्या सापडल्या असतील तर आधी ड्राइव्हमध्ये घालू नकोस रे बाबा! पत्र्याचं शटर सरकव, मागची धातूची चकती बोटाने फिरव आणि आतली तबकडी उजेडात तिरकी धरून बघ. आपल्या गोव्याच्या पावसात त्यावर पांढरट ठिपके धरतात. तशीच घातलीस तर बुरशी हेडला चिकटते आणि पुढची चांगली फ्लॉपीही ओरखडते. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापसाची काडी, हलक्या हाताने.

घुमट_फोंडा
माझ्याकडे फ्लॉपी नाही. मोडेमही नाही. हो की नाही?

मांडवीकाठ
मग तालीम कसली करताय?

घुमट_फोंडा
नाटकाची. जत्रेत आहे. प्रवेश 1999 सालचा, फोंड्यातला डीटीपीवाला पणजीच्या छापखान्यात विशेषांक पाठवतो. त्याला वाक्य दिलंय, “मोडेमवर टाक, कदंब बसपेक्षा आधी पोचेल.” दिग्दर्शक म्हणतो प्रेक्षकांतले जुने छापखानेवाले हसतील.

बिटबाइट
हे पहिल्याच पोस्टमध्ये लिहायचं ना! तुझे 500 आणि 56 दोन्ही सेकंदाला किलोबिट (आठ बिटांचा एक बाइट), आणि दोन्ही कागदावरचे. साडेतीन इंची 1.44 एमबी फ्लॉपी मिनिटाला 300 फेरे घेते. एका फेऱ्यात 512 बाइटचे 18 सेक्टर, म्हणजे सेकंदाला जास्तीत जास्त 45 किलोबाइट. दोन्ही बाजू मिळून 160 ट्रॅक, सेकंदाला पाच, म्हणून पूर्ण फ्लॉपी 32 सेकंदांच्या आत वाचून होणारच नाही. हेड सरकायचा वेळ धरून मिनिटभर धर.
मोडेम 56चा असला तरी तो वेग फक्त आयएसपीकडून (इंटरनेट देणाऱ्या कंपनीकडून) आपल्याकडे येताना. पाठवताना 33.6 किलोबिट, हाती पडतात सेकंदाला 3.3 किलोबाइटच्या आसपास.

मडगाव_एक्स्प्रेस
33.6 कसले? आमच्याकडे विंडोज 95वर चक्क 115200 दिसायचं. उगाच पोरांना घाबरवू नका.

बिटबाइट
ते कॉम्प्युटर आणि मोडेम यांच्यातल्या केबलचं. फोनच्या तारेशी त्याचा संबंध नाही.

मडगाव_एक्स्प्रेस
मी स्वतः वापरलंय.

बिटबाइट
मीही. फाइल उतरायला किती वेळ लागायचा ते आठवा.

जुनाखिळा
आकडे राहू द्या. फाइल केवढी? नुसता मजकूर असेल तर मोडेमच, डोळे मिटून. शिवाय मजकूर मोडेम स्वतःच दाबून पाठवतो. स्कॅन केलेले फोटो असतील तर विषय वेगळा.

घुमट_फोंडा
फाइल म्हणजे फाइल. पेजमेकरची, पानं लावायच्या सॉफ्टवेअरची. फोटो आहेत. 12 एमबी लिहू का?

बिटबाइट
12 घे. फ्लॉप्या लागतील नऊ, झिप करून तुकडे पाडावे लागतील. फोंड्यात लिहायला नऊ मिनिटं, पणजीत वाचायला नऊ, मध्ये बस एक तास. एकूण 78 मिनिटं. आता मोडेम. पणजीचा मोडेम थेट डायल करून हायपरटर्मिनलवर (विंडोजमधला मोडेम जोडायचा प्रोग्राम) झेडमोडेम या फाइल पाठवायच्या पद्धतीने पाठवली तर 62 मिनिटं, आणि लाइन तुटली तरी तुटली तिथून पुढे सुरू करता येते. पण इंटरनेटवरून पाठवलीस तर आधी तुझ्याकडून वर चढायला 62 आणि मग छापखान्याला खाली उतरवायला आणखी 41. पावणेदोन तास. ईमेलला जोडलीस तर फाइल तिसऱ्या हिश्शाने फुगते, मग विचारूच नकोस.
म्हणजे वाक्य बरोबर की चूक ते फोन कोणाला लावला त्यावर आहे. थेट डायल असेल तरी साधारण 16 एमबीच्या पुढे कदंब जिंकते.

मांडवीकाठ
बस एक तास हे कोणी ठरवलं? प्रवेश 3 डिसेंबरचा असेल तर सायबाच्या (सेंट फ्रान्सिस झेवियरच्या) फेस्ताला जुन्या गोव्यात दोन तास हलणार नाही. आणि परवाच बाणस्तारीला

मांडवीकाठ
(अर्धवट गेलं. जाऊ दे.)

झिपवाला
नऊ फ्लॉप्या कशाला? झिप ड्राइव्ह होता की तेव्हा, एका डिस्कवर 100 एमबी. अख्खा अंक खिशात.

जुनाखिळा
आणि छापखान्याकडे झिप ड्राइव्ह नसला तर? नवव्या फ्लॉपीवर सेक्टर खराब निघाला की परत फोंडा, हे नाटकात घाला. खरं नाट्य तिथे आहे.

घुमट_फोंडा
जुनाखिळा, हे आवडलं. दिग्दर्शकालाही सांगितलं, तो म्हणतो सातवी खराब निघू दे, नववीपर्यंत प्रेक्षक थांबणार नाहीत. वाक्य बदललं, आता डीटीपीवाला “थेट छापखान्याला फोन लाव” म्हणतो. आता एकच. मोडेमचा तो कर्कश आवाज पेटीवाला काढतो म्हणतोय, पण किती वेळ वाजवायचा? फाइल पोचेपर्यंत?

बिटबाइट
नको रे! कनेक्शन जुळेपर्यंतच, वीस-पंचवीस सेकंद. जुळलं की मोडेमचा स्पीकर आपोआप बंद. नाहीतर तासभर पेटी बडवत बसेल.

मडगाव_एक्स्प्रेस
आमचा चालूच राहायचा.