काळवीट खरंच वाढले का? जुन्या शिकाऱ्यांच्या सांगण्याला नोंदीत जागा हवी की नको?

सीनाकाठ

कर्जत, करमाळा, उत्तर सोलापूर या पट्ट्यात काळवीट पूर्वी किती होते, कधी संपत आले आणि पुन्हा कधी दिसायला लागले, याची सगळ्यात मागे जाणारी आठवण कुठल्याही कार्यालयात नाही. १९७२ चा वन्यजीव कायदा येण्याआधी परवान्यावर शिकार करणाऱ्यांकडे ती आहे. ही माणसं आता ऐंशीच्या घरात आहेत. त्यांना कोणी काही विचारत नाही, कारण त्यांनी जनावरं मारली. माझं मत असं की त्यांना विचारावं, तारीख-ठिकाणासह लिहून घ्यावं आणि वनखात्याच्या नोंदींना ते जोडावं.

आमच्या भागातल्या अशा काही जणांशी बोललो. एकमेकांना न भेटलेले लोक बरंचसं सारखंच सांगतात. त्यांच्या वडिलांच्या काळी माळावर कळप नजरेत मावत नसे. स्वातंत्र्यानंतर जीपगाड्या आल्या, रात्री दिव्याच्या झोतात शिकार सुरू झाली आणि कळप आटले. साठीच्या दशकाच्या शेवटी काळा नर दिसणं हीच बातमी असायची, कारण बंदुकीचा नेम नेहमी पिळदार शिंगांवर. उरलेल्या कळपात माद्या आणि तांबूस पोरगेलेशे नर. मग ७२ चा दुष्काळ पडला, तेव्हा पाण्याच्या शोधात गावाजवळ आलेली जनावरंही गेली.

पुढचं त्यांचं निरीक्षण मला फार मोलाचं वाटतं. काळवीट पुन्हा दिसायला लागले ते दुष्काळी कामांतून झालेल्या पाझर तलावांच्या आसपास. बंदी आली, पाणी आलं आणि माळ अजून मोकळा होता, या तिन्ही गोष्टी एकाच काळात जुळल्या असं ते सांगतात. कर्जत तालुक्यातलं रेहेकुरीचं काळवीट अभयारण्य १९८० चं, क्षेत्र अवघं २.१७ चौरस किलोमीटर. तेवढ्या तुकड्याने एकट्याने सगळ्या तालुक्याचे काळवीट वाढवले असं म्हणणं त्यांना पटत नाही, आणि मलाही नाही.

पाणकणीस

हा सूरच मला मान्य नाही. ज्यांनी कळप संपवले तेच आता कळपांचे साक्षीदार? भिंतीवर शिंगं लावून मिरवणाऱ्यांना आपण 'जाणकार' म्हणायला लागलो तर गावातल्या पोरांपुढे काय ठेवतोय याचा विचार करा. आजही फासे लागतात, कुत्री सोडून हरणं मारली जातात. त्यांना बंदुकीच्या गोष्टी सांगणारे आजोबा नकोत. मोजणी करायला शिकलेले लोक आहेत, त्यांना करू द्या.

गवताळ

पाणकणीस, माझा विरोध नैतिक कारणासाठी नाही, पण विरोध आहे. मी गवताळ प्रदेशांवर काम करते. शिकाऱ्याची आठवण संख्या मोजण्यासाठी का कमी पडते ते सांगते.

शिकारी जनावर शोधायला जातो. जिथे मिळतं तिथेच पुन्हा जातो. सीनाकाठ यांनी स्वतःच जीप आणि दिव्यांचा उल्लेख केला आहे. पायी हिंडणाऱ्याला दिवसात जेवढे काळवीट दिसत, तेवढे जीपवाल्याला तासाभरात दिसले. म्हणजे प्रत्यक्षात कळप निम्म्यावर आले तरी त्याच्या अनुभवात 'अजून पुष्कळ आहेत'. मग एके दिवशी अचानक नाहीतच. साठीच्या शेवटी घट झाली असं सगळे सांगतात, पण ती बहुधा त्याच्या कितीतरी आधी सुरू झाली होती. त्यांच्या लक्षात आली तेव्हा उशीर झाला होता.

दुसरं, प्रत्येक पिढी आपल्या तरुणपणीची संख्या हीच मूळ संख्या धरते. कोल्हापूर दरबारचे चित्तेवान चित्ते सोडून काळविटांची शिकार करत, त्या काळाचं माप कोणाच्या आठवणीत आहे? चित्ताच आपल्याकडून गेला. १९४७ मध्ये आजच्या छत्तीसगडमधल्या कोरिया संस्थानच्या महाराजांनी मारलेले तीन हे शेवटचे खात्रीचे मानले जातात. तेव्हा 'वाढले' म्हणताना कशाच्या तुलनेत हे कोणीच सांगत नाही.

आणि तिसरं, जे आजच्या घडीला सगळ्यात महत्त्वाचं. एका जागी जास्त दिसणं म्हणजे जास्त असणं नव्हे. गायरानं नांगरली, माळावर उंदीरमारीची (गिरीपुष्पाची) झाडं लावली, कालवे आले, ऊस आला. दहा माळांवर विखुरलेली जनावरं दोन माळांवर एकवटली तर त्या दोन माळांशेजारच्या गावाला ती दुप्पट-तिप्पट वाटणारच. तिथला म्हातारा शिकारी खरंच बोलतोय, पण तो आपल्या माळाबद्दल बोलतोय, जिल्ह्याबद्दल नाही.

हरभऱ्याचा घाटा

ताई, तुमचं जिल्ह्याचं गणित तुमच्यापाशी. माझ्या रानात वाढलेत, एवढं मला कळतं. नान्नजच्या बाजूला आमची कोरडवाहू जमीन. रब्बीला ज्वारी, हरभरा, करडई. हरभरा वितभर झाला की कळप रात्री उतरतो, शेंडे खातो आणि खाण्यापेक्षा तुडवण्यात जास्त जातं. करडईला काटे येईपर्यंत तीही नाही सुटत. पोरं थंडीत बांधावर शेकोटी करून जागली करतात.

अर्ज करा, मग पंचनामा. वनरक्षक, तलाठी, कृषी सहायक हे तिघं एका दिवशी एका रानात यायचे म्हणजे काय असतं ते शेतकऱ्यालाच विचारा. तोवर पीक पुन्हा फुटलेलं असतं आणि 'नुकसान दिसत नाही' असा शेरा पडतो.

आमच्याकडचे जुने शिकारी सांगतात की इतके काळवीट त्यांनी उभ्या आयुष्यात पाहिले नव्हते. त्यांचं कागदावर येऊ द्या, निदान आमची ओरड खरी ठरेल. रानडुकराला, रोहीला (नीलगायीला) मारायची परवानगी कागदावर तरी मिळते. काळवीट वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणात. माणसाच्या जिवाला धोका असेल किंवा जनावर बरं न होण्याइतकं जखमी-आजारी असेल तरच त्याला हात लावता येतो, पिकासाठी नाही. मग आम्ही काय करायचं? मध्य प्रदेशात २०२५ ला शाजापूरकडे हेलिकॉप्टरने हाकून, बोमा (नरसाळ्यासारखं निमुळतं कुंपण) लावून काळवीट पकडले आणि दुसरीकडे नेऊन सोडले. आपल्याकडे का नाही?

सीनाकाठ

गवताळताई, एकवटण्याचा मुद्दा मला मान्य आहे, पण तो माझ्या बाजूचा आहे. कुठल्या माळावरून जनावर कधी नाहीसं झालं हे कोण सांगणार? आज ज्या माळावर काळवीट नाही तिथे कोणी मोजायलाच जात नाही. माळढोक अभयारण्याचंच पाहा. १९७९ ला जाहीर झालं तेव्हा ८,४९६ चौरस किलोमीटर, पुढे कमी करून साधारण १,२२२. वगळलेल्या त्या सगळ्या मुलखात हरणांचं काय झालं याची नोंद मला तरी दाखवा. ते आमच्याकडचा म्हातारा गावांची नावं घेऊन सांगतो: इथे अमुक साली शेवटचा कळप, तिथे विहीर बागायत झाल्यावर गेले, तिकडे वस्ती झाल्यावर. हे आकडे नाहीत, हा नकाशा आहे.

पाणकणीस, शिंगांबद्दल एक. भिंतीवरच्या कित्येक जोड्यांखाली ठिकाण आणि साल लिहिलेलं असतं. त्या काळच्या शिकारीचा एवढा नेमका पुरावा दुसरा कुठे मिळणार? पण घरं दार उघडत नाहीत. अशा वस्तू जाहीर करायला २००३ च्या नियमांनी एक मुदत दिली होती, ती अनेकांना कळलीच नाही. आता दाखवलं तर गुन्हा होईल या भीतीने शिंगं माळ्यावर गेली किंवा चुलीत. माहितीही त्यांच्याबरोबर गेली.

पाणकणीस

भीती वाटते ती बरोबरच वाटते. कायद्याची भीती उरली नसती तर आज तुम्हाला मोजायला एकही काळवीट मिळाला नसता.

बेड्यावरचा

वरचं सगळं वाचलं. 'शिकारी' म्हटलं की तुम्हाला बंदूकवाले पाटील-इनामदारच आठवतात. मी फासेपारधी समाजातला, वाशिमकडचा. काळवीट ओळखण्यात आमच्या म्हाताऱ्यांच्या जवळ जाणारा माणूस मला अजून भेटायचा आहे.

बंदूकवाला लांबून नर पाहतो आणि बार टाकतो. फासे लावणाऱ्याला कळपाची रोजची वाट माहीत असावी लागते. पहाटे दव पडायच्या आधीचा खूर की नंतरचा, लेंडी आजची की कालची, नर आपल्या हद्दीत एकाच जागी लेंड्या टाकतो ते ढीग यंदा किती, पाडस गवतात दडवून मादी किती लांब चरायला जाते, हे सगळं. गाभण मादी किंवा पाडस फाशात आलं तर सोडून द्यायचं, ही आमच्याकडची जुनी चाल. का, तर पुढच्या वर्षी कळप राहायला पाहिजे. ज्याला पुढच्या वर्षीही तिथेच पोट भरायचंय तो मोजदाद ठेवतोच, कागदावर नसेल.

आणि याच माणसांवर १८७१ च्या कायद्यातून आलेला जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का होता. १९५२ ला तो कागदावरून पुसला. गावात कुठे पुसलाय? आमच्याकडे कारंजा-सोहोळ हे काळविटांचं अभयारण्य २००० साली झालं. त्याच्या आजूबाजूला कुठे फास सापडला की आधी आमच्या बेड्यावर, म्हणजे वस्तीवर, येतात. अशा वेळी 'या, तुमच्या आठवणी सांगा' म्हटलं तर कोण बोलेल? बोलला तर तोच जबाब होईल.

सीनाकाठ, तुमचा हेतू चांगला आहे. पण लिहून घ्यायचं असेल तर आधी लेखी हमी द्या की सांगितल्यावरून कोणावर कारवाई होणार नाही. सांगणाऱ्याला दिवसाची मजुरी द्या. आणि माग काढायला आमची पोरं कामावर घ्या. नुसती माहिती घेऊन जाणारे खूप येऊन गेले.

आयोवाकर

मी अमेरिकेत आयोवा राज्यात राहतो, माझे सहकारी हरणांची शिकार करतात, त्यामुळे एक भर घालतो. इथे शिकार कायदेशीर आहे आणि 'हरणं कमी झाली' विरुद्ध 'तुम्हाला दिसत नाहीत' हा वाद दर हंगामात असतोच. इथल्या राज्याच्या खात्याने २००४ पासून धनुष्यबाणाने शिकार करणाऱ्यांकडून नोंदवही भरून घ्यायला सुरुवात केली. शिकार मिळाली की नाही हे त्यात मुख्य नाही. किती तास बसलात आणि त्या तासांत कोणकोणते प्राणी किती दिसले, हे लिहायचं. काहीच दिसलं नाही तर तेही लिहायचं. वर्षानुवर्षं हे जमलं की चढउतार समजतो. माणूस तोच विसराळू, पण तास लिहिल्यामुळे त्याच्या पाहण्याला माप येतं.

गवताळ

आयोवाकर, नेमका हाच माझा आक्षेप होता. 'काहीच दिसलं नाही' हे ज्यात लिहिलेलं असतं ती नोंद मी डोळे झाकून घेईन. पन्नास वर्षांपूर्वीच्या आठवणीत रिकामे दिवस उरतच नाहीत. भरलेले तेवढे लक्षात राहतात. म्हणून जुन्या शिकाऱ्यांकडून किती होते हे मी घेणार नाही. कुठे होते आणि कुठून गेले, हे घेईन. सीनाकाठ यांच्या नकाशाला माझा होकार, आकड्याला नकार.

बेड्यावरच्या दादांच्या तिन्ही अटी रास्त आहेत आणि त्या न पाळता कोणी हे काम सुरू करू नये. विशेषतः लेंड्यांच्या ढिगांवरून नरांच्या हद्दी मोजणं ही शास्त्रात बसणारी पद्धत आहे. ती येणारी माणसं गावात असताना बाहेरून पोरं आणायची गरज नाही.

पुढची नोंद मात्र मी शिकाऱ्यांपेक्षा धनगरांवर सोपवेन. दरवर्षी मेंढरं घेऊन ठरलेल्या वाटेने, ठरलेल्या महिन्यात, त्याच माळांवरून ते जातात. त्यांना जनावर मारायचंही नसतं आणि वाचवायचंही नसतं. शिवाय लांडगा कुठे आहे हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक नसतं, आणि चित्ता गेल्यावर काळविटावर धाक ठेवणारा लांडगाच उरला आहे. भटक्या कुत्र्यांची झुंड वाढली की पाडसं जातात, तेही त्यांना दिसतं. काळवीट वाढले म्हणताना लांडगे किती उरले हा प्रश्न इथे कोणीच विचारला नाही.

घाटा, तुमच्या रानातलं नुकसान खोटं आहे असं मी कधीच म्हणणार नाही. पण पकडून नेण्याबद्दल सावध राहा. मादी पाच-सहा महिन्यांत विते आणि लवकरच पुन्हा गाभण राहते. माळ तसाच उजाड ठेवून कळप उचलला, तर उरलेल्या जनावरांसाठी तुमचा हरभरा तिथेच आहे. काही वर्षांत पुन्हा तेवढेच. गवत परत आणल्याशिवाय हे थांबत नाही.

हरभऱ्याचा घाटा

गवत यायला किती वर्षं? तोवर माझ्या पोरांनी रात्रभर जागायचं का, याचं उत्तर तुमच्या लिहिण्यात नाही. माळावर उंदीरमारी आम्ही नाही लावली, आणि भरपाईही आमच्याच वाट्याला येत नाही.

धनगर सांगतील, पारधी सांगतील, म्हातारे सांगतील, सगळ्यांचं लिहा. माझी मागणी एकच. मोजणी बुद्धपौर्णिमेला पाणवठ्यावर मचाण बांधून करतात. तेव्हा रानं मोकळी असतात, सगळी जनावरं पाण्याला जातात, आणि आकडा 'अभयारण्यात इतके' म्हणून छापून येतो. मार्गशीर्षात या. हरभरा घाट्यावर असताना रात्री आमच्या बांधावर बसून मोजा, आणि तो आकडा 'शेतात इतके' म्हणून त्याच कागदावर लिहा.

गवताळ

दोन्ही वेळा मोजायला हवं, हे मान्य. पण दोन आकड्यांची बेरीज करू देणार नाही. मे महिन्यात पाणवठ्यावर दिसलेला काळवीटच मार्गशीर्षात तुमच्या बांधावर येतो.

हरभऱ्याचा घाटा

बेरीज नकोच. नुकसान कोणत्या आकड्यावर ठरणार, तेवढं सांगा.