दोन फासे: 36 की 21?

शंकेखोर:
काल पटावर बसलो असताना झालेला वाद अजून डोक्यातून जात नाहीये. दोन फासे टाकले की 36 दानं संभवतात, असं सगळे म्हणतात. मी म्हणतो 21. दोन्ही फासे पांढरे, एकाच डबीतले. पडल्यावर दिसतं काय, तर एक तीन आणि एक चार. त्यातला पहिला फासा कोणता हे टाकणाऱ्यालाही सांगता येत नाही, मग 3-4 आणि 4-3 अशी दोन दानं का धरायची? सहा जोड (दोन्ही फाशांवर सारखाच आकडा) आणि पंधरा बिनजोड, झाली 21. म्हणजे जोड पडायची शक्यता 21 पैकी 6, साडेअठ्ठावीस टक्के. समोरचा गडी '6 पैकी 1, 6 पैकी 1' म्हणून ठणकावत राहिला. त्याचं पाठांतर चांगलं आहे, एवढंच मला कळलं.

पटकरी:
एका फाशाच्या कोपऱ्यावर नेलपॉलिशचा ठिपका लावा. आता पहिला कोणता ते दिसतं आणि 3-4, 4-3 वेगळी झाली. तुम्हालाही 36 मान्य करावी लागतील. मग सांगा, त्या ठिपक्याने जोड पडायचं प्रमाण 28 वरून 17 टक्क्यांवर कसं काय आलं? आणि रंग न ओळखणारा माणूस शेजारी बसला असेल, तर त्याच्यासाठी तेच फासे पुन्हा 28 टक्के जोड देणार का?

शंकेखोर:
ठिपक्याचा मुद्दा बरा आहे, पण तुम्ही ठिपका लावून खेळच बदललात. मी बिनठिपक्याच्या फाशांबद्दल बोलतोय.

जुनाजाणता:
शंकेखोर, तुमची संगत मोठी आहे हो. लायब्निझसारखा थोर जर्मन गणिती इथेच घसरला होता. 12 एकाच प्रकारे होतं, 6-6. 11 सुद्धा एकाच प्रकारे, 5-6. म्हणून दोन्हींची शक्यता सारखी, असं त्याने लिहून ठेवलं. खरं तर 11 दुप्पट वेळा पडतं.
गॅलिलिओपुढे आलेला प्रश्नही याच जातीचा. तीन फाशांत 9 आणि 10, दोन्ही बेरजा सहा-सहा प्रकारांनी होतात. तरी मुरलेले खेळाडू म्हणायचे की 10 जास्त पडतं. त्याने क्रम धरून मोजलं: 216 पैकी 9 ची 25 दानं, 10 ची 27. मेख 3-3-3 मध्ये आहे. ते एकाच तऱ्हेने पडतं, 1-2-6 सहा तऱ्हांनी. फरक एक टक्कासुद्धा नाही आणि तो म्हणे नुसत्या खेळण्यातून लक्षात आला! किती रात्री घालवल्या असतील.

अणुरेणू:
सगळे एका बाजूला झालेत म्हणून शंकेखोरांची थोडी वकिली करतो. त्यांची मोजणी निसर्गात चालते, फक्त फाशांना लागू नाही. सत्येंद्रनाथ बोस यांनी 1924 मध्ये प्रकाशकणांची मोजणी मांडली, ती नेमकी अशीच. दोन प्रकाशकण, सहा अवस्था: 21 मांडण्या आणि सगळ्यांना सारखं वजन. तिथे 'पहिला कण' असं काही नसतंच. फाशांचं तसं नाही. तुम्हाला ओळखू येवो न येवो, दोन फासे दोन वेगळ्या वाटांनी घरंगळतात. थोडक्यात, 36 हे नुसत्या तर्काने सिद्ध होत नाही. फासे कसे वागतात ते बघूनच ते ठरतं.

पटकरी:
अहो, त्यांना कशाला हरभऱ्याच्या झाडावर चढवताय? प्रकाशकण घेऊन पटावर कोण बसतं?

खडूस:
36 वाल्यांनीही जास्त मिरवू नये. तुमची 36 दानं सारख्या शक्यतेची, हे कोणत्या फाशांत? वेल्डन या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञाने 1894 मध्ये बारा फासे 26,306 वेळा टाकल्याची नोंद ठेवली. एकूण 3,15,672 फासे, त्यात पाच किंवा सहा 1,06,602 वेळा. तिसरा हिस्सा यायला हवा होता 1,05,224. चौदाशेच्या आसपास जास्त. नेहमी दिलं जाणारं कारण असं की, ठिपके कोरून काढलेले असतात, सहाच्या बाजूला सहा खड्डे आणि समोरच्या एकच्या बाजूला एकच. हलकी बाजू वर येते. म्हणूनच जुगारघरांतल्या फाशांचे खड्डे तेवढ्याच वजनाच्या द्रव्याने भरून सपाट करतात.

जुनाजाणता:
बरोबर, पण तो फरक टक्क्याच्या निम्म्याहूनही कमी. इथे भांडण 17 की 28 याचं आहे. खड्ड्यांनी एवढी दरी पडत नाही.

पटकरी:
तेच तर. इतकी मोठी दरी असेल तर फासे टाकूनच बघा की. बेरजा मोजू नका, 7 साठी 36 च्या हिशेबाने पावणेसतरा टक्के आणि 21 च्या हिशेबाने सव्वाचौदा, त्यात वर्ष जाईल. फक्त जोड मोजा.

शंकेखोर:
टाकले. 60 वेळा, बशीत. कागदावर रेघा मारल्या. जोड 13. तुमच्या हिशेबाने 10 हव्यात, माझ्या हिशेबाने 17. आता बोला.

खडूस:
मधोमध! फाशांनाच निकाल द्यायचा नाहीये.

पटकरी:
60 फार कमी आहेत, दोन-तीन इकडेतिकडे सहज होतं. 200 करा. मग माझ्या बाजूने 33 च्या आसपास, तुमच्या बाजूने 57.

शंकेखोर:
केले. मनगट दुखतंय. मध्ये सलग तीन वेळा जोड पडली तेव्हा उठून नाचणार होतो. आधीच्या 60 धरून 200, जोड 31.
36 मान्य. पण त्या '6 पैकी 1' वाल्याला मी इतक्यात सांगणार नाही. पुढच्या खेळात त्याच्याशी 11 आणि 12 वर पैज लावतो, बघू तो त्यांना सारखं धरतो का.